मागचा ठोका

१

जोतीरामचं काम निम्मं मशिनचं आणि निम्मं कात्री-डिंकाचं होतं.

साताऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात जिन्याखाली एक खोली होती. तिथं तो हृदयाचे आलेख काढायचा. रोग्याला टेबलावर झोपवायचं, मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावायचे, छातीवर जेलीचे सहा ठिपके देऊन रबरी फुग्याची वाटी एकेका ठिपक्यावर चिकटवायची आणि मशिनची खुंटी एकेक घर पुढं सरकवायची. तापलेली सुई गुलाबी चौकटींच्या कागदावर रेघ काढत जायची. मग ती लांब पट्टी कापून तिचे बारा तुकडे करायचे आणि छापील कार्डावर डकवायचे. वरच्या सहा चौकटी हातापायांच्या, खालच्या सहा छातीच्या. रोग्याचं नाव, वय, तारीख लिहिली की कार्ड डॉक्टरांकडे जायचं. त्यांनी बघून झालं की ते रोग्याच्याच हातात पडायचं.

नववीत दोनदा गणितात गेला तेव्हा त्याची शाळा सुटली होती. या दवाखान्यात तो लादी पुसायला लागला आणि जुन्या तंत्रज्ञाच्या हाताखाली हे काम शिकला. अक्षर चांगलं, डिंकाचा एक डाग नाही. डॉक्टर मेहेंदळे पाहुण्या डॉक्टरांना सांगायचे, आमच्या जोतीरामचं कार्ड म्हणजे लग्नपत्रिका. असं काही बोलणं झालं की जोतीराम जमिनीकडं बघायचा.

त्या स्वच्छ कामात एक गोष्ट मात्र बरोबर नव्हती, आणि ती त्याला एकट्यालाच ठाऊक होती.

बाई रोगी आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. सोबत आयाबाईंनी थांबायचं असा नियम होता, पण आयाबाई कायम वरच्या मजल्यावर. पदर बाजूला घ्या, एवढं एक वाक्य त्याला म्हणता येत नसे. हातापायांच्या सहा पट्ट्या निघायच्या, आणि छातीची वेळ आली की बाई डोळे मिटून घ्यायची आणि तो भिंतीकडं तोंड करायचा.

एकदा मशिन दुरुस्त होऊन आलं तेव्हा ते तपासायला त्यानं स्वतःच्याच छातीच्या पट्ट्या काढल्या होत्या. त्या ड्रॉवरमध्ये राहिल्या. पुढं एका म्हातारीनं काही केल्या चोळीची गाठ सोडू दिली नाही, तेव्हा त्यानं तिच्या कार्डावर खालच्या सहा चौकटींत आपल्या पट्ट्या डकवल्या. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, ठीक आहे म्हणाले. म्हातारीही ठीकच होती. मग ते सोपं होत गेलं. ड्रॉवरमध्ये दोन पाकिटं झाली. एकावर त्यानं ‘सावकाश’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘जलद’. जलद पट्ट्या काढण्यासाठी तो रिकाम्या दुपारी जिना चारदा चढून उतरून यायचा आणि धापा टाकत टेबलावर आडवा व्हायचा. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांचा वेग जुळला पाहिजे, एवढी काळजी तो घेत असे.

आपण काय करतो ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सरळ शब्दांत कधी सांगितलं नव्हतं.

२

पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात सुलाबाई आल्या. जोतीराम मूळचा उंब्रजचा, आणि सुलाबाई त्याच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायच्या. त्यांचे मालक नानासो यांची पिठाची गिरण होती. जोतीरामची आई लोकांच्या रानात जायची तेव्हा त्याला आंघोळ घालून, चार घास भरवून शाळेत लावून द्यायचं काम सुलाबाईंनीच केलं होतं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

सकाळपासून छातीत जळजळतंय म्हणून त्या एकट्याच यष्टीनं आल्या होत्या. कराड जवळ पडलं असतं. पण आपला जोत्या साताऱ्याला हाय, तो नीट बघंल, असं म्हणून त्यांनी नानासोंना गिरणीतच ठेवलं होतं.

त्यानं चिमटे लावले. सुलाबाई बोलतच होत्या, त्यामुळं सुई थरथरत होती. काकी, जरा गप पडा, असं त्यानं सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, लय मोठा झालास रं. तिसऱ्या पट्टीत प्रत्येक ठोक्याच्या टोकाला एक बारीक खाच उमटत होती. ती त्याच्या लक्षात राहिली, कारण सगळा वेळ तो त्यांच्याकडं न बघता त्या खाचेकडंच बघत होता.

सहा पट्ट्या झाल्या. त्याचा हात खुंटीवर थांबला.

सुलाबाईंनीच विचारलं, “छातीवरबी लावत्यात न्हवं? मागं यसवंताच्या सुनंला लावल्यालं.”

त्यांनी आपण होऊन पदर खाली घेतला आणि हात चोळीच्या गाठीकडं नेला. “लाव की. तू काय परका हायस व्हय? न्हाऊ घातलंय मी तुला.”

जोतीरामनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तो म्हणाला, “नको काकी. झालं.”

“झालं?”

“झालं.”

त्या उठल्या, पदर सावरला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून बाहेर बाकावर जाऊन बसल्या. त्यानं ‘जलद’ पाकिटातून सहा पट्ट्या काढल्या आणि डकवल्या. डॉक्टरांनी कार्ड उन्हाकडं धरून बघितलं, पित्त आहे म्हणाले, गुलाबी औषधाची बाटली लिहून दिली. सुलाबाई दोनच्या गाडीनं परत गेल्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास चुलीपुढं बसल्या बसल्या त्या आडव्या झाल्या. तेव्हा घरात कुणी नव्हतं.

दहाव्याला जोतीराम गेला तेव्हा नानासोंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. चार माणसांसमोर ते म्हणाले की जोत्या होता म्हणून समदं नीट तपासलं गेलं, आता वेळच आली होती तर कोण काय करणार. ते कार्ड त्यांनी सुलाबाईंच्या फोटोमागं जपून ठेवलं होतं. जोतीरामला तो हात सोडवून घेता आला नाही.

३

जानेवारीत डॉक्टरांनी त्याला सांगितलं की दवाखान्यात संगणकावर चालणारं नवीन मशिन येतंय. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दवाखान्यातल्या लोकांसाठी दर रविवारी वर्ग भरणार होता. शरीरातून निघणारे विजेचे संकेत कसे पकडायचे, कसे गाळायचे, कसे वाचायचे, असं सगळं. जो शिकून येईल त्याच्या ताब्यात मशिन.

दुसरा कुणी असता तर नववी नापास आहे म्हणून मागं सरला असता. जोतीराम लगेच हो म्हणाला. यापुढं हे काम नीट, अगदी मुळापासून शिकायचं, म्हणजे झालेलं कुठंतरी भरून निघेल, असं त्याला वाटत होतं.

रविवारी पहाटेची यष्टी पकडून तो सांगलीला उतरायचा. हळदीचा हंगाम सुरू होता. रिक्षांच्या धुरातसुद्धा हळदीचा वास यायचा आणि वर्गात बसलं तरी तो सदऱ्याला असायचा. वर्गात बारा जण होते. बहुतेक नर्सबाया, दोन प्रयोगशाळेतले, एक मिरजेचा एक्स-रेवाला निजाम. जोतीरामच्या शेजारी अकिला सिस्टर बसायच्या. चाळिशीच्या, जाड भिंगांच्या, तोंडाळ. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला विचारलं की लग्न झालंय का, आणि नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग एवढं तोंड पाडून का बसलाय.

शिकवायला शरयू मॅडम होत्या. तिशीच्या, बारीक आवाजाच्या, फळ्यावर स्वच्छ लिहिणाऱ्या. गणित आलं की जोतीराम घाबरायचा, पण त्या गणिताच्या आधी गोष्ट सांगायच्या. शरीराचा संकेत नेहमी गोंधळात मिसळलेला असतो. विजेच्या तारांची घरघर, स्नायूंचं थरथरणं, श्वासाचं वरखाली. काही गोंधळ चाळणीनं गाळता येतो. पण जो संकेत गोंधळापेक्षाही बारीक असेल, त्याचं काय करायचं?

त्यांनी पारदर्शक कागदाचे बरेच तुकडे घेतले. प्रत्येकावर एका ठोक्याची ओबडधोबड रेघ होती. भिंतीवर चित्र पाडणाऱ्या दिव्याच्या काचेवर त्यांनी ते एकावर एक ठेवत नेले. भिंतीवर रेघांचं जाळं वाढत गेलं, पण मधली एक वाट गडद होत गेली.

“ठोक्यावर ठोका ठेवायचा आणि सरासरी काढायची,” त्या म्हणाल्या. “गोंधळ दर वेळी वेगळ्या जागी येतो. तो आपापसांतच मिटतो. जे खरोखर आहे, ते दर वेळी त्याच जागी येतं. ते कितीही बारीक असलं तरी शेवटी वर येतंच.”

जोतीरामनं ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग प्रयोगाला माणूस हवा होता. अकिला सिस्टरांनी कोपरानं ढोसलं. “जोतीरामभाऊ, तुमी. तुमचा अजून कुणी जीव जाळलेला न्हाई, स्वच्छ निघंल.”

सगळे हसले. बारा लोकांसमोर त्यानं सदरा काढला आणि टेबलावर झोपला. मॅडम स्वतः चिमटे लावत होत्या. परवानगी आहे ना, असं त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं. किती साधं वाक्य होतं ते.

पडद्यावर आकडा वाढत गेला. दहा ठोके, पन्नास, शंभर. थरथर विरत गेली. दोनशेला रेघ अगदी स्वच्छ झाली. त्याचा ठोका मधोमध उभा होता. आणि त्याच्या मागं, थोडं अंतर सोडून, दुसरा एक ठोका होता. लहान, पण नीट, पूर्ण.

४

मॅडम म्हणाल्या, कुठली तरी तार सैल आहे.

त्यांनी तारा बदलल्या. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केल्या. पुन्हा दोनशे ठोके. मागचा ठोका होताच. मग निजामला झोपवलं. त्याचा एकच ठोका आला, मागं सपाट रेघ. संगणकात जुनं काही राहिलं असेल म्हणून मॅडमनी तो बंद करून पुन्हा लावला आणि जोतीरामला परत झोपवलं.

खोली शांत होती. त्या जुन्या संगणकाचा पंखा तेवढा घोंघावत होता. शंभरापर्यंत काही नव्हतं. दीडशेच्या पुढं मागच्या सपाट रेघेवर एक उंचवटा धरू लागला, जसं कुणी चादरीखालून बोट वर करावं.

मॅडमनी मोजलं. पहिल्या ठोक्यानंतर तीनशेवीस मिलिसेकंदांनी दुसरा. दर वेळी तेवढ्यानंच. सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून किंचित कमी. “म्हणजे हा भटका गोंधळ नाही,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “हा तुमच्या ठोक्याला धरून चाललाय.”

त्यांनी खुंटी तिसऱ्या पट्टीवर आणली. मागच्या लहान ठोक्याच्या टोकाला एक बारीक खाच होती.

जोतीराम उठून बसला. सदऱ्याच्या बाह्यांत हात नीट जाईना. अकिला सिस्टर म्हणाल्या, घाबरू नका, मशिन हाय, त्याला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टर मेहेंदळ्यांना सांगितलं. त्यांनी स्वतः आलेख काढला, नळी लावून दोन मिनिटं ऐकलं आणि बैलासारखं हृदय आहे म्हणून हसले. त्यांच्या कागदावर खरंच एकच ठोका होता. तेव्हा जोतीरामला बरं वाटलं. खाच काय, कुणाच्याही पट्टीत येते. आपल्याच मनात तेच घोळतंय म्हणून आपल्याला तसं दिसलं. मग त्याला आठवलं की मॅडमनी त्या खाचेवर पेन्सिलीनं खूण केली होती. मॅडमना तर सुलाबाई ठाऊक नव्हत्या.

५

पुढच्या रविवारी मॅडम लवकर आल्या होत्या. त्यांना आता यात गोडी वाटू लागली होती. त्यांनी छातीवरून संकेत घ्यायचं ठरवलं. जेलीचे सहा ठिपके, बरोबर त्याच जागी जिथं जोतीराम ते पुरुषांच्या छातीवर देत आला होता.

पहिली जागा. दुसरी. तिसऱ्या जागेवर दोनशे ठोके पुरे झाले तेव्हा वर्गातली कुजबुज थांबली.

मागचा ठोका वर चढला होता आणि खाली यायचं विसरला होता. टोकापासून रेघ तशीच उंचावर राहून गोल खांदा काढून मग उतरत होती. प्रत्येक नर्सच्या पुस्तकात ते चित्र असतं. चौथ्या जागेवर तो खांदा अजून उंच होता.

अकिला सिस्टरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. “मॅडम, ह्यो तर अटॅकचा हाय. असला पेशंट आमी तासभरसुद्धा खाटेवरनं उठू देत न्हाई.”

“पुढचा ठोका अगदी निरोगी आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या पडद्याच्या जवळ गेल्या. मग वळून त्यांनी जोतीरामकडं बघितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. तार कुठली, जोड कुठला हे विचारावं तसं त्यांनी विचारलं, “हे तुमचं नाही, जोतीराम. कुणाचं आहे?”

जोतीरामच्या तोंडात नाव आलं होतं. बारा माणसं बघत होती. छाती उघडी होती आणि सहा ठिपके गार पडत चालले होते. कुणाचं आहे हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार. पाकिटं सांगावी लागणार. सुलाबाई स्वतः पदर खाली घेत होत्या, हे सांगावं लागणार.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मॅडमनी अंतर मोजलं. या वेळी ते दोनशेसाठ होतं.

६

साताऱ्याला आल्यावर त्यानं दोन्ही पाकिटं बाहेर काढली आणि दवाखान्यामागं जिथं कचरा जाळतात तिथं नेऊन जाळली. त्या दिवसापासून तो बाई आली की आधी जिन्यात उभा राहून आयाबाईंना हाक मारायचा आणि त्या आल्याशिवाय चिमट्याला हात लावायचा नाही. पदर बाजूला घ्या, हे वाक्य त्याला म्हणता येऊ लागलं. म्हटलं की संपत होतं. एवढंच होतं ते.

तरी काही बदललं नाही. दुपारी खोलीत कुणी नसताना त्यानं डॉक्टरांची नळी कानाला लावून आपल्या छातीवर टेकवली. आपले ठोके ऐकू आले. ते तर येणारच. पण दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत काहीतरी होतं. आवाज म्हणता येईल असं नव्हतं. शेजारच्या खोलीत कुणी अनवाणी पाऊल टाकावं आणि आपल्याला फरशीतून ते कळावं, तसं. त्यानं श्वास रोखला. तेही थांबलं. त्यानं श्वास सोडला तेव्हा ते पुन्हा पाऊल टाकू लागलं, थोडं जवळ.

नळी पुन्हा खुंटीला अडकवताना त्यानं स्वतःला समजावलं की कान दाबून धरले की कुणालाही काहीबाही ऐकू येतं.

तिसऱ्या रविवारी अंतर एकशेऐंशी झालं. चौथ्या रविवारी नव्वद. मॅडमनी आता वर्गासमोर प्रयोग करणं बंद केलं होतं. सगळे गेले की त्या आणि अकिला सिस्टर तेवढ्या थांबायच्या. मॅडमनी चार रविवारचे चार कागद शेजारी शेजारी लावले.

मग त्या म्हणाल्या की या चालीनं पुढच्या रविवारपर्यंत मागचा ठोका पुढच्यावर येऊन पडेल.

“मग तो जाईल का?” जोतीरामनं विचारलं.

“तसं नाही म्हणता येणार. तो वेगळा काढता येणार नाही, इतकंच.”

अकिला सिस्टर त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आल्या. गाडी लागून तो आत बसला तेव्हा त्यांनी खिडकीपाशी येऊन सांगितलं, “मी तुमाला काय विचारत न्हाई, भाऊ. पण ज्याला सांगायचं हाय त्याला पुढच्या ऐतवाराच्या आत सांगा.”

७

पुढच्या रविवारी जोतीराम सांगलीला गेलाच नाही. साताऱ्याहून निघालेल्या गाडीतून तो उंब्रजला उतरला आणि महामार्ग ओलांडून गावात शिरला.

सकाळचे अकरा वाजले होते. गिरण घराला लागूनच होती आणि चालू होती. नानासो पट्ट्याशेजारी उभे होते, भुवयांवर पीठ. त्यांनी जोतीरामला बघितलं, उरलेलं दळण उतरवलं आणि गिरण बंद केली. तो आवाज थांबल्यावर घर एकदम मोठं वाटलं.

चहा स्वतः करतो म्हणाले. जोतीरामनं त्यांना बसवलं आणि भिंतीवरच्या फोटोमागचं कार्ड काढून मागितलं. त्याला वाटलं होतं, ते समोर असलं की बोलणं सोपं जाईल. त्याचंच सुरेख अक्षर होतं. सौ. सुला नानासो, वय चोपन्न.

त्यानं बोट ठेवून दाखवलं. ह्या वरच्या सहा काकीच्या. खालच्या सहा माझ्या.

नानासोंना कळलं नाही. तुझ्या म्हणजे तू काढलेल्या, असं ते म्हणाले. मग त्याला सगळं सांगावं लागलं. बायांची लाज, पाकिटं, जिना चढणं-उतरणं. त्यानं काहीही वगळलं नाही. काकी स्वतःच गाठ सोडत होत्या आणि तू काय परका हायस व्हय म्हणाल्या होत्या, तेही सांगितलं. आणि आपण झालं म्हणालो, दोनदा म्हणालो, तेही.

नानासो बराच वेळ कार्डाकडं बघत होते. बोटाला लागलेलं पीठ कार्डाला लागत होतं आणि ते पुसत होते.

“म्हंजे तिचं खालचं कुणी बघितलंच न्हाई.”

“न्हाई.”

“बघितलं असतं तर?”

जोतीरामनं मान खाली घातली. “डॉक्टरांनी ठेवून घेतलं असतं. वाचली असती कदाचित.”

त्याला वाटलं होतं, ते मारतील. घराबाहेर काढतील, गावात सांगतील. तेच हवं होतं त्याला. नानासो उठले आणि पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला. मग त्यांनी विचारलं, आता हे का सांगायला आलास?

म्हणून त्यानं सांगलीचंही सांगितलं. सगळं अंतर, आठवड्या-आठवड्यांचं. बोलताना त्याला स्वतःलाच ते खुळ्यागत वाटलं. मशिनची काहीतरी चूक असणार, असंही तो शेवटी म्हणाला.

नानासो म्हणाले, “सदरा काड.”

८

जोतीरामनं सदरा काढला. नानासोंनी त्याला जमिनीवरच्या घोंगडीवर आडवं केलं, शेजारी बसले आणि कान त्याच्या छातीवर टेकवला. त्यांच्या केसांना गव्हाचा गरम वास होता. आयुष्यभर जात्याच्या आवाजावरून दगड कुठं झिजलाय ते सांगणारा माणूस. त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यांचं एक बोट जोतीरामच्या खांद्यावर हलकं पडू लागलं. एक, दोन, तीन. मग बोट वर थांबलं. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा थांबलं. जोतीरामला स्वतःच्या कानांत आपले ठोके ऐकू येत होते. ते न थांबता, एकसारखे चालले होते. त्या बोटाची चाल वेगळीच होती.

“चवथा दबका पडायचा तिचा,” नानासो कान न उचलता म्हणाले. “पस्तीस वरसं ऐकलाय. दाखवून घे म्हनायचो. हसायची.”

बाहेर कुणीतरी दळणाचा डबा घेऊन आलं. नानासो, गिरण लावा की, अशी हाक आली. नानासो उठले. जोतीरामला वाटलं, आता गिरण सुरू करतील आणि हे संपेल. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन तसंच डोकं टेकवलं.

“तवा मी गिरणीत हुतो,” ते म्हणाले. “तिनं हाक मारली आसंल. पट्ट्याच्या आवाजात काय ऐकू येतंय? पीठ घ्यायला आलेल्या बाईनं सांगितलं मला.”

जोतीराम म्हणाला की मला आता जायला पाहिजे. आवाज इतका बारीक निघाला की आपण तो खरंच काढला की नाही, हे त्यालाच कळेना.

“आता गप पड. तिला तकलीफ हुतीय.” नानासोंनी आपला तळवा त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि खालपर्यंत, कोपरापर्यंत सावकाश चोळत नेला, जसं दुखऱ्या माणसाला चोळतात. “हाय मी. हिथंच हाय. ह्या वक्ताला न्हाई जात कुठं.”

डाव्या हातात मुंग्या येऊ लागल्या होत्या. हात दबला असेल, जोतीरामनं स्वतःला सांगितलं. म्हाताऱ्याचं डोकं जड नव्हतं. एका हातानं ते बाजूला करता आलं असतं. कडी साधी होती, दार चार पावलांवर होतं. बाहेर डबेवाली बाई अजून उभी होती, तिला हाक मारली असती तरी चाललं असतं. पण या माणसाला काय म्हणायचं? उठा? झालं?

तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

तो पडून राहिला. नानासोंचं बोट खांद्यावर पडत होतं. एक, दोन, तीन. आता दोन ठोक्यांमध्ये जास्त वेळ जात होता. एक. दोन. बाहेरच्या बाईनं पुन्हा हाक मारली आणि डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नानासोंचे ओठ त्याच्या छातीशी हलत होते, ते कुणाशी तरी अगदी हळू बोलत होते.

एक.

बोट वर उचललेलं होतं. जोतीराम श्वास धरून त्या पिठाळ बोटाकडं बघत होता, ते खाली यायची वाट बघत.